पेंढ्याच्या गाठी नगावर बांधून घेताना अशी फसवणूक होते

हार्वेस्टरने भात काढला की पेंढा खाचरात मोकळा पडतो. तो गोळा करायला इगतपुरी-त्र्यंबकेश्वर पट्ट्यात ट्रॅक्टरवरचा बेलर, म्हणजे पेंढा दाबून गाठी बांधणारं मशीन, भाड्याने सांगतात, आणि दर असतो नगावर. आमचा एका एकराचा भाव ३५ रुपये गाठ असा ठरला. १५० गाठी निघाल्या, ५२५० रुपये रोख दिले. गोठ्यामागे रचताना गाठी हलक्या लागल्या म्हणून दहा गाठी काट्यावर टाकल्या, तर भरल्या ८० किलो, म्हणजे एक गाठ ८ किलोची. ठरवताना दाखवलेली गाठ एकटी १५ किलोची होती. १२०० किलो पेंढ्याच्या तशा ८० गाठी झाल्या असत्या आणि पैसे २८००. म्हणजे २४५० रुपये जास्त गेले. हमालीही नगावरच होती, ती वेगळी.

हे कसं करतात ते नीट समजून घ्या. चौकोनी गाठीच्या छोट्या बेलरची पेंढा दाबायची कोठी साधारण ३६ बाय ४६ सेंटीमीटरची असते, ती बदलत नाही. बदलते फक्त लांबी. कोठीवर एक दातेरी चाक असतं. पेंढा पुढे सरकेल तसं ते फिरतं आणि एक दांडी वर चढवतं; दांडी ठरलेल्या जागी पोचली की सुया सुतळी आणतात आणि नॉटर, म्हणजे गाठ मारणारा भाग, ती बांधतो. दांडीवरचा स्टॉपर पान्याने सरकवला की चाक थोडंच फिरून बांधणी होते, ९० सेंटीमीटरची गाठ ५० वर येते. पहिल्या चार गाठी लांब काढायच्या, मालक बांधावरून हलला की स्टॉपर सरकवायचा. शिवाय कोठीच्या मागच्या टोकाला दाबाचे स्क्रू असतात. ते सैल सोडले की मशीनवर ताण कमी, डिझेल कमी आणि गाठ फोफशी. अशी गाठ उचलताना सुतळी घसरते, पेंढा सुटतो.

गोल गाठीच्या मिनी बेलरमध्ये आकार ठरलेला असतो, म्हणून तिथे दाब पुरा होण्याआधीच सुतळी गुंडाळतात. गाठीच्या गोल बाजूवर मूठ दाबून बघा, सहज आत गेली तर गाठ सैल आहे.

मग वजनावर घ्यावं का? घ्या, पण ओल तपासूनच. १५ टक्के ओलीच्या १००० किलोत ८५० किलो सुका चारा असतो, ३० टक्क्यांच्या मालात ७००. दीडशे किलो पाण्याचे पैसे जातात ते जातात, पण खरं नुकसान पुढे असतं: २० टक्क्यांवर ओल असली की गाठ आतून तापते, काळी बुरशी धरते आणि जनावर तोंड लावत नाही. नोव्हेंबरात दव जड पडतं, त्यामुळे ऊन चढून पेंढा वाजेपर्यंत बेलर खाचरात उतरवू देऊ नका. मूठभर पेंढा पिळा. तुटला तर सुका, नुसताच वळला तर ओला. कोरड्या बरणीत सुकं मीठ आणि पेंढ्याचे तुकडे घालून दोन-तीन मिनिटं हलवलं आणि मिठाचे खडे झाले, तर थांबा.

रचलेल्या गंजीत पहिले दोन-तीन आठवडे लोखंडी सळई खुपसत राहा. पंधरा मिनिटांनी काढलेली सळई हातात धरवत नसेल तर गंज लगेच मोकळी करा, आग लागलीच तर म्हणून पाणी जवळ ठेवून.

सौदा करताना लांबी, किमान वजन आणि सुतळी कोणाची हे कागदावर घ्या. एक माणूस टेप घेऊन मशीनमागे चालू द्या. पैसे द्यायच्या आधी खाचराच्या पार टोकाच्या दहा गाठी स्वतः निवडा आणि तिथेच तोला.