न्यू जर्सी, टेक्सास की कॅलिफोर्निया: माणूस कुठे ठेवला तर बेकारी विमा किती पडतो?

छोट्या धंद्यांचं पेरोल सांभाळताना नव्या मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अनएम्प्लॉयमेंटचा, म्हणजे बेकारी विम्याचा, टक्का कुठे कमी आहे?" नव्या मालकासाठी टेक्सासमध्ये साधारण २.७, न्यू जर्सीत २.८, कॅलिफोर्नियात ३.४. हे ऐकलं की समोरचा मनातल्या मनात गणित करून मोकळा होतो, आणि तिथेच फसतो. टक्का पगाराच्या किती भागावर लागतो, वर्षातून किती वेळा लागतो आणि माणूस गेल्यावर त्याच्या बेकारी भत्त्यापोटी राज्याकडच्या तुमच्या खात्यावर काय चढतं, हे बघितल्याशिवाय त्या टक्क्याला काही अर्थ नाही.

त्याआधी एक गैरसमज काढून टाकतो. कंपनी कुठे नोंदवली यावर हा विमा ठरत नाही, माणूस काम कुठे करतो यावर ठरतो. ऑफिस डॅलसला आणि तुमचा डेव्हलपर एडिसनच्या घरी बसून कोड लिहितोय, तर त्याचा विमा न्यू जर्सीत भरायचा. "मी टेक्सासचा मालक आहे" या उत्तराचा तिथे उपयोग नाही. त्यामुळे पुढची तुलना ज्यांना खरोखर निवड आहे त्यांच्यासाठी: दुसरं दुकान कुठे काढायचं किंवा पुढचा माणूस कोणत्या राज्यात घ्यायचा, हे ज्यांना ठरवायचंय.

भारतात ज्यांनी ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) भरलाय त्यांना हे ओळखीचं वाटतं, पण एक मोठा फरक आहे. ईएसआयमध्ये मालकाचे ३.२५ टक्के सगळ्यांना सारखेच. तुम्ही वर्षात दहा माणसं काढा नाहीतर एकही काढू नका. अमेरिकेत तुमचा दर तुमच्या स्वतःच्या इतिहासावर हलतो. काढलेल्या लोकांनी जितका भत्ता उचलला, तितका पुढे तुमचा टक्का वर. सुरुवातीची दोन-तीन वर्षं नव्या मालकाचा ठरावीक दर मिळतो, नंतर खरा हिशेब सुरू होतो.

राज्याच्या वर केंद्राचा कर, फ्यूटा. प्रत्येक माणसाच्या पहिल्या ७,००० डॉलरवर ६ टक्के, आणि राज्याचे पैसे वेळेवर भरले तर ५.४ टक्क्यांपर्यंत सूट. म्हणजे माणशी ४२ डॉलर. ही ७,००० ची मर्यादा १९८३ पासून तशीच आहे.

आता वर्षाला ५०,००० डॉलर पगाराचा एक माणूस, मालक नवा, आकडे २०२५ चे:

| | न्यू जर्सी | टेक्सास | कॅलिफोर्निया |
|---|---|---|---|
| पगाराच्या किती भागावर | ४३,३०० | ९,००० | ७,००० |
| नव्या मालकाचा दर | २.८% | २.७% (धंद्याप्रमाणे जास्त) | ३.४% |
| राज्याला | १,२१२ डॉलर | २४३ डॉलर | २३८ डॉलर |
| केंद्राला | ४२ डॉलर | ४२ डॉलर | १२६ डॉलर |

न्यू जर्सीचा आकडा बघून डोळे विस्फारतात. त्यात मालकाच्या वाट्याचा अर्धा टक्का डिसॅबिलिटी विमा अजून धरलेलाच नाही. तो आणखी २१६ डॉलर. कॅलिफोर्नियाच्या केंद्राच्या रकान्यात १२६ का? कोविडच्या काळात राज्याचा निधी आटला, केंद्राकडून कर्ज काढलं, ते फिटलेलं नाही. अशा राज्यातल्या मालकांची सूट दर वर्षी ०.३ टक्क्याने कापली जाते. २०२२ पासून सुरू झालेली कपात २०२५ मध्ये १.२ टक्क्यांवर पोहोचली, म्हणजे माणशी ८४ डॉलर जादा. कर्ज सरकारचं, हप्ता तुमच्या खिशातून. शिवाय तिथे ०.१ टक्का ट्रेनिंगचा कर आहे, माणशी ७ डॉलर, तो किरकोळच.

पण या तक्त्यात एक गोष्ट दिसत नाही, आणि किराणा दुकान, रेस्टॉरंट, गॅस स्टेशन, मोटेल चालवणाऱ्याने नेमकी तीच बघायला हवी. मर्यादा माणसागणिक असते, जागेगणिक नाही. काउंटरवरची एक नोकरी घ्या, महिना ३,००० डॉलर. वर्षभर एकच माणूस टिकला तर टेक्सासमध्ये राज्याला २४३ डॉलर. चार-चार महिन्यांनी माणूस बदलत तिघं येऊन गेले, तर प्रत्येकाचे पहिले ९,००० नव्याने मोजायचे: ७२९ डॉलर. कॅलिफोर्नियात २३८ चे ७१४ होतात. फ्यूटाही तिप्पट. न्यू जर्सीत मात्र ३६,००० डॉलर पगार एकाने घेतला काय किंवा तिघांनी वाटून घेतला काय, मर्यादेच्या आतच आहे, राज्याला १,००८ डॉलर ते १,००८ डॉलरच. म्हणजे माणसं टिकत नसलेल्या धंद्यात टेक्सासचा स्वस्तपणा अर्ध्याहून जास्त वितळतो. आणि तिघांतल्या दोघांना तुम्हीच "उद्यापासून येऊ नकोस" म्हटलं असेल तर पुढच्या दराचंही तुम्हीच बघा.

भत्त्याची रक्कमही विसरू नका, कारण खात्यावर चढतं ते तेच. कॅलिफोर्नियात आठवड्याला जास्तीत जास्त ४५० डॉलर, आणि हा आकडा २००५ पासून हललेला नाही. न्यू जर्सीत २०२५ साली तो ८७५ होता. चांगल्या पगाराचा एक माणूस कमी केला आणि त्याने पूर्ण २६ आठवडे भत्ता घेतला तर न्यू जर्सीत जवळपास दुप्पट रक्कम चढते.

पगारातून कापायचं काय, तिथेही तिन्ही राज्यांच्या तीन तऱ्हा. बहुतेक राज्यांत बेकारी विमा पूर्णपणे मालकाच्या खिशातून जातो. न्यू जर्सीत कर्मचाऱ्याच्या पगारातूनही ०.४२५ टक्के कापून तुम्हीच भरायचे. असं अमेरिकेत पेनसिल्वेनिया आणि अलास्का सोडून कुठे नाही. त्याच पगारपत्रकावर डिसॅबिलिटी आणि फॅमिली लीव्हची कपात वेगळी, आणि २०२५ मध्ये त्यांची मर्यादा ४३,३०० नव्हे तर १,६५,४०० होती. हाताने हिशेब करणारे इथे हमखास गडबडतात. कॅलिफोर्नियात बेकारी विम्यासाठी पगारातून काही कापत नाहीत, पण डिसॅबिलिटीचे कापतात (२०२५ मध्ये १.२ टक्के) आणि २०२४ पासून त्याला वरची मर्यादाच नाही. टेक्सासमध्ये राज्यासाठी कापायचं काहीच नाही. नुसतं कागदकाम बघितलं तर टेक्सास उघड उघड सोपं.

नोंदणीची वेळही वेगवेगळी. कॅलिफोर्नियात एका तिमाहीत १०० डॉलरच्या वर पगार दिला की पंधरा दिवसांत नोंदणी. न्यू जर्सीत वर्षाला १,००० डॉलर झाले की तुम्ही मालक. टेक्सासमध्ये तिमाहीला १,५०० डॉलर, किंवा वर्षातल्या वीस आठवड्यांत एक माणूस कामावर. नवा माणूस घेतला की वीस दिवसांत राज्याला कळवायचं, हे तिन्हीकडे सारखं.

माझ्या मते या तिघांतला खरा फरक माणूस जातो त्या दिवशी कळतो. न्यू जर्सीत त्याच्या हातात बीसी-१० हा फॉर्म द्यावा लागतो, २०२३ पासून राज्यालाही ऑनलाइन कळवावं लागतं, आणि क्लेमबद्दल विचारणा आली की सात दिवसांत उत्तर. कॅलिफोर्नियात माहितीपुस्तिका द्यायची, आणि क्लेमच्या नोटिशीला दहा दिवसांत उत्तर. टेक्सासमध्ये चौदा दिवस. हे दिवस नोटिशीवरच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही पाकीट उघडलंत तेव्हापासून नाही. गणपतीला तीन आठवडे पुण्याला गेलात आणि टपाल दुकानात साठलं, तर न्यू जर्सीचा मालक केव्हाच बाद झालेला असतो. स्वतःहून सोडून गेलेल्या माणसाचा भत्ताही मग तुमच्या खात्यावर चढू शकतो, कारण तुमची बाजू मांडायला कोणी नव्हतं. ज्यांना वेळेवर टपाल बघण्याची सवय नाही (आणि असे खूप आहेत), त्यांनी हे काम पेरोल कंपनीला द्यावं.

गैरवर्तनासाठी काढलं असं म्हणायचं तर तारीख घातलेली लेखी ताकीद लागते. "दोनदा तोंडी सांगितलं होतं" हे तिन्ही राज्यांत सारखंच लंगडं पडतं.

"सरळ टेन-नाइंटी-नाइनवर ठेवतो, भानगडच नको" (म्हणजे नोकर नव्हे, स्वतंत्र कंत्राटदार म्हणून) असं म्हणणाऱ्यांसाठी: न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडे एबीसी कसोटी आहे, कॅलिफोर्नियात ती २०२० पासून कायद्यानेच बसवली. माणूस तुमच्या हुकमाबाहेर आहे, तुमच्या नेहमीच्या धंद्यापेक्षा वेगळं काम करतो (न्यू जर्सीत तुमच्या धंद्याच्या जागेबाहेर केलेलं कामही चालतं) आणि त्याचा स्वतःचा धंदा आहे, हे तिन्ही मुद्दे तुम्ही सिद्ध करायचे. रेस्टॉरंटचा आचारी यात कधीच बसणार नाही. टेक्सासमध्ये ताबा कोणाचा हे वीस मुद्द्यांवर तोलतात, तिथे थोडी जागा आहे, पण आचारी तिथेही आचारीच.

मग कुठे? चार-पाच जणांची, चांगल्या पगाराची, माणसं टिकणारी कंपनी असेल तर टेक्सासमध्ये दर माणशी हजारभर डॉलर वाचतात आणि कागदही कमी. माणसं सतत बदलणारा धंदा असेल तर हा फरक बराच आकसतो. कॅलिफोर्नियात राज्याचा कर कमी दिसला तरी केंद्राचा जादा हप्ता कर्ज फिटेपर्यंत दर वर्षी वाढत जातो, तो धरूनच बजेट करा. आणि नुसता नवरा-बायकोचा धंदा असेल, कंपनी न काढता मालकी धंदा एकाच्या नावावर आणि दुसरं मदतीला, तर जोडीदाराच्या अशा कामावर फ्यूटा लागत नाही. कॉर्पोरेशन काढलीत की मात्र ही सवलत जाते. सीपीएकडे (हिशेबनिसाकडे) जाताना पहिला प्रश्न हाच न्या.