मांजराला डायबेटिस निघालाय: इन्सुलिन की गोळी, कान टोचायचा की सेन्सर लावायचा?

मांजराला डायबेटिस आहे असं कळलं की डोक्यात पहिलं हेच येतं, रोज दोनदा सुई टोचायची म्हणजे कसं जमणार, गोळीवर नाही का भागत? आमच्या घरी डायबेटिक बोका आहे, नसबंदी झालेला, जाडजूड, वर्षानुवर्षं ड्राय फूडवर वाढलेला, म्हणजे ज्यांना हा आजार जास्त होतो अगदी त्यातलाच, आणि आता ओळखीतलं कुणी ना कुणी हेच विचारायला फोन करतं म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. माझं मत आधीच सांगते, भारतात राहत असाल तर ग्लार्जिन इन्सुलिन दर 12 तासांनी आणि शुगर घरच्या घरी मोजणं, बहुतेक मांजरांसाठी हेच बरं.

आधी गोळीचं बघू. अमेरिकेत मांजरांसाठी दोन औषधं मंजूर झालीत, डिसेंबर 2022 मध्ये बेक्साकॅट ही गोळी आणि ऑगस्ट 2023 मध्ये सेनव्हेल्गो हे लिक्विड, दोन्ही दिवसातून एकदाच द्यायची. ऐकायला फार छान वाटतं. पण ही औषधं जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढतात, इन्सुलिनची कमतरता भरून काढत नाहीत, त्यामुळे मांजराचं स्वतःचं थोडंतरी इन्सुलिन तयार होत असेल तरच उपयोग. आधी इन्सुलिनवर असलेल्या मांजराला ही चालत नाहीत, आणि सुरू करण्याआधी लिव्हर, किडनी, पॅन्क्रियाज सगळं तपासून घ्यावं लागतं. खरी भीती किटोॲसिडोसिसची, म्हणजे रक्तात किटोन नावाची आम्लं साठून जिवावर बेतण्याची, तीही अशी की मीटरवर शुगर चांगली दिसते आणि आत किटोन चढत असतात, म्हणून पहिले दोन आठवडे तर डोळ्यात तेल घालून किटोन तपासायचे. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांनी, मांजर नीट खात असेल, बाकी तब्येत ठणठणीत असेल आणि ड्युटीमुळे 12 तासांचं गणित बसतच नसेल, तर व्हेटशी याबद्दल जरूर बोलावं. इथे मात्र एक विनंती, आईबाबांच्या डब्यात डापाग्लिफ्लोझिन ही डायबेटिसची गोळी असते, तीही याच गटातली, तिचा तुकडा करून मांजराला देऊ नका प्लीज.

आता इन्सुलिन. कॅनिन्सुलिन खास प्राण्यांसाठीचं आहे पण मांजराच्या अंगात ते बऱ्याचदा 12 तास पुरत नाही, शुगर झपकन खाली येते आणि पुन्हा चढते. ग्लार्जिन म्हणजे लॅन्टस किंवा बेसालॉग, माणसांचंच, मेडिकलमध्ये मिळतं आणि हळूहळू सपाट काम करतं. निदान झाल्या झाल्या ग्लार्जिन सुरू केलं, जेवणातले कार्ब कमी केले आणि शुगर नीट ताब्यात ठेवली तर काही मांजरांचं इन्सुलिन काही महिन्यांत बंदही होतं. माझ्या दृष्टीने सुईच्या बाजूने हा सगळ्यात मोठा मुद्दा.

पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण आपल्याकडे यातच जीवघेणी गडबड होऊ शकते. आपल्याकडे माणसांच्या बऱ्याच इन्सुलिनच्या बाटल्या दर मिलीला 40 युनिटच्या असतात म्हणून मेडिकलवाला सवयीने लाल टोपीची यू-40 सिरिंज हातात ठेवतो, आणि ग्लार्जिन असतं दर मिलीला 100 युनिटचं. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये एक रेघ ग्लार्जिन भरलं की मांजराच्या अंगात एक नाही, अडीच युनिट जातं. सुरुवातच साधारण एका युनिटने होते, तिथे अडीचपट म्हणजे काय ते बघा. केशरी टोपीची यू-100 मागा, त्यातही 30 युनिटवाली, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली मिळाली तर सोन्याहून पिवळं. कॅनिन्सुलिनचं उलट, ते 40 चं, त्याला यू-40 च लागते.

पेन की सिरिंज? पेन हाताळायला सोपं पण साधारण एक-एक युनिटने पुढे जातं, मांजराला अर्धं युनिट वाढवायचं म्हटलं की अडतं. सिरिंजच घ्या. मोठी बाटलीही नको, 1000 युनिट कधी संपणार, 3 मिलीच्या काट्रिजमध्ये 300 युनिट असतात ती पुरे, उघडल्यावर किती दिवस वापरायची ते व्हेटला विचारा. ग्लार्जिन हलवायचं नाही, फ्रीजरमध्ये ठेवायचं नाही. इन्सुलिनला बँडेजसारखा उग्र वास असतो, इंजेक्शननंतर केसांना तो वास आला किंवा केस ओले लागले तर औषध बाहेर सांडलंय असं समजा, आणि तरीही दुसरं द्यायचं नाही, पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. एक डोस बुडाला तर चालतो, डबल झाला तर नाही.

मोजणं. क्लिनिकमध्ये मांजर घाबरतं आणि घाबरल्यामुळेच शुगर 300 च्या वर जाऊ शकते, म्हणून घरचा आकडा जास्त खरा. कान टोचायचा पर्याय स्वस्त, माणसांचा ग्लुकोमीटर चालतो, तो मांजराच्या रक्ताची शुगर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो पण एकच मीटर कायम वापरला की चढउतार कळतो. कान आधी कोमट कापडाने शेकायचा, मागे कापसाचा बोळा धरायचा, कडेच्या बारीक शिरेच्या जरा बाहेरच्या बाजूला टोचायचं, आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा, काही दिवसांत बोका स्वतःच मांडीवर येऊन बसायला लागतो. लिब्रे सेन्सर साधारण दोन आठवड्यांचा, केस काढून चिकटवायचा, दिवसरात्रीचा पूर्ण आलेख मिळतो, पण महाग आहे, काही मांजरं तो उपटून टाकतात आणि फार कमी आकडा दाखवला तर शेवटी कान टोचूनच खात्री करावी लागते. परवडत असेल तर सुरुवातीला आणि डोस बदलताना सेन्सर, एरवी कान.

खाण्याचं थोडक्यात, ड्राय फूडपेक्षा कमी कार्बचं वेट फूड चांगलं. नुसतं उकडलेलं चिकन हे रोजचं जेवण नव्हे, त्यात कॅल्शियम पुरत नाही आणि उकडताना टॉरिन हा मांजराला लागणारा घटकही पाण्यात जातो. आणि इन्सुलिन चालू असताना व्हेटला न सांगता खाणं बदलू नका, शुगर धाडकन पडू शकते.

कुठलाही पर्याय घ्या, ग्लुकोन-डी किंवा मध हाताशी हवाच. मांजर झोकांड्या खायला लागलं, थरथरलं किंवा मीटरवर 60 च्या खाली आकडा आला तर हिरड्यांना चोळा, शुद्धीत असेल तर खायला द्या आणि फोन करत करत व्हेटकडे निघा. सकाळी जेवलंच नाही तर नेहमीचा डोस देऊ नका, आधी विचारा. आणि उलट्या, खाणं बंद, एका कोपऱ्यात पडून राहणं असं दिसलं तर मीटरवरचा आकडा कितीही चांगला असो, त्याच दिवशी किटोन तपासून घ्या.