व्हाईस-ग्राइंडरचं टेबल: अँगलचं, चौकोनी पाईपचं की लाकडी?

६ इंची व्हाईस (जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, जबड्यात घट्ट धरणारा शिकंजा), ८ इंची बेंच ग्राइंडर आणि टेबलावर बसणारी १३ मिमीची ड्रिल मशीन, एवढं सगळं एका टेबलावर बसवायचं असेल तर पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की किती वजन सोसेल. माझ्या मते तो प्रश्नच चुकीचा आहे. खाली दाबणारं वजन साधं टेबलही सोसतं हो, पण व्हाईसमध्ये जॉब धरून कानस मारताना, हॅक्सॉ ओढताना जो आडवा धक्का बसतो ना, त्याने टेबल डुलतं, आणि एकदा डुलायला लागलं की कानस सरळ चालत नाही, हॅक्सॉचं पातं मोडतं, शेजारच्या ड्रिलवर छोटं भोक पाडायचं असेल तर बिट थरथरतं. म्हणून तिन्ही प्रकार डुलण्यावरनं तोलायचे.

आधी अँगल आणि पाईप. ५०×५०×६ मिमीचा अँगल (इंग्रजी L सारखा लोखंडी गज) मीटरला ४.५ किलो भरतो, आणि ५०×५० चा ३ मिमी जाडीचा चौकोनी पाईप साधारण ४.३ किलो. म्हणजे यार्डात काट्यावर दोघांत फार फरक पडत नाही, पण पाईप चारी बाजूंनी बंद असल्यामुळे पिळला जात नाही, अँगल दोन बाजूंनी उघडा म्हणून पायाला आडवा धक्का बसला की पिळ घेतो. आमच्या शेडात पहिलं टेबल अँगलचंच होतं, एका फॅब्रिकेटरकडनं करून घेतलेलं, वेल्डिंग छान, रंग छान, पण तिरका आधार एकही नाही, आणि व्हाईसवर दोघांनी मिळून पाईपचा सॉकेट सोडवायला लागलो की अख्खं टेबल जागेवरनं सरकायचं. नंतर मागच्या बाजूला ४०×५ च्या पट्टीचा फुलीसारखा आधार मारला आणि दोन्ही बगलांना तिरके तुकडे, तेवढ्यावर तेच टेबल कामाचं झालं. त्यामुळे ज्यांच्याकडे अँगलचं टेबल आधीच आहे त्यांनी ते भंगारात घालू नका, आधी तिरके आधार मारा.

अँगलच्या बाजूने एवढं खरं की नटबोल्ट कुठेही मारता येतो, पाना सगळीकडे पोचतो, गंज दिसतो, आणि वेल्डिंग नवीन शिकत असाल तर ६ मिमी अँगलला वेल्डिंगने जळून सहज भोक पडत नाही. २ मिमीच्या पाईपला पडतं, म्हणून पाईप घेणार असाल तर ३ मिमीच घ्या. पाईपमधनं आरपार बोल्ट घालून आवळला तर पाईप चेपतो, आत छोट्या नळीचा तुकडा घालून मगच आवळायचा. आणि पायांची खालची तोंडं ५ किंवा ६ मिमीच्या तुकड्याने बंद करा, नाहीतर फरशी धुतलेलं पाणी आत जाऊन आतनं गंज धरतो आणि बाहेरनं रेड ऑक्साइड (गंजरोधक लाल रंग) अगदी चकाचक दिसत राहतं. कोकणात असाल तर हे विसरूच नका.

माल किती लागेल ते सांगतो. ५ फूट बाय अडीच फूट टेबल, वर चौकट, मध्ये एक आडवा, खाली चौकट, चार पाय, असं सगळं धरून सव्वातेरा मीटर पाईप जातो. लेंथ, म्हणजे दुकानात मिळणारा अख्खा पाईप, ६ मीटरची, म्हणजे तीन घ्याव्या लागतात आणि साडेचार मीटरच्या वर उरतो. मग दोन लेंथमध्ये बसवायला मधला आडवा आणि खालचा पुढचा पाईप काढून टाकायचा मोह होतो, तो टाळा, त्या उरलेल्या तुकड्यांतनंच दोन्ही बगलांचे तिरके आधार निघतात. फक्त जोडताना आधी सगळं टॅक करा (नुसते वेल्डिंगचे ठिपके द्या), चौकटीचे कर्ण मोजा, दोन्ही कर्ण सारखे आले की मगच पूर्ण वेल्डिंग, आणि तेही एका कोपऱ्यात सलग न मारता समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून पालटून, कारण वेल्डिंग थंड होताना ओढतं.

लाकडाकडे लोक जुनाट म्हणून बघतात, मला ते पटत नाही. लाकूड थरथर गिळतं, हातोडीचा दणका कानाला कमी लागतो, तयार जॉब ठेवला तर ओरखडा उठत नाही, मोटर वाइंडिंग किंवा बॅटरीचं काम असेल तर लोखंडी पत्र्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. जुने वाडे उतरवतात तिथली सागवानी तुळई मिळाली तर डोळे झाकून घ्या, वर्षानुवर्षं वाळलेली असते, पिळ घेत नाही. ताजं ओलं लाकूड मात्र पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, पायांचे सांधे ढिले होतात, मग दर वर्षी बोल्ट आवळत बसा. गॅस कटिंग, वेल्डिंग करणार असाल तर लाकूड नकोच.

रॅकचे भोकाभोकांचे अँगल बोल्टने जोडून केलेलं टेबल सामान ठेवायला ठीक आहे, व्हाईससाठी नाही.

माझा कौल पाईपच्या चौकटीला आणि वर लाकडाला. तुळई नसेल तर १८ मिमीचे दोन प्लाय पूर्ण पृष्ठभागाला फेविकॉल लावून, क्लॅम्प करून चिकटवा. नीट चिकटलेला ३६ मिमीचा थर एकेरी १८ मिमीपेक्षा आठपट ताठ होतो, नुसते स्क्रू मारले तर होत नाही. व्हाईसच्या कोपऱ्यात ६ मिमीची प्लेट. सगळं टेबलच प्लेटचं केलं तर ६ मिमीला ५५ किलो आणि १० मिमीला ९१ किलो जातात, वेल्डिंगचा धंदा असेल तर ते वसूल होतं, नाहीतर तेवढेच पैसे पाय आणि आधारांवर घालवा.

व्हाईस थेट पायाच्या डोक्यावर बसवा, मागचा जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर, म्हणजे लांब पट्टी उभी धरता येते. १२ मिमीचे बोल्ट, खाली मोठे वॉशर, नायलॉकचे नट (आत नायलॉनची रिंग असलेले, थरथरीने न सुटणारे). ग्राइंडर मात्र या टेबलावर नकोच. तो मिनिटाला २८०० च्या वर फिरतो, त्याची कंपनं एकवेळ सोसतील पण उडणारी ग्राइंडिंगच्या दगडाची पूड ड्रिलच्या स्पिंडलमध्ये आणि मोजमापाच्या व्हर्नियरमध्ये जाते, त्याला त्याच पाईपचं वेगळं स्टँड करा. लोखंडी चौकटीला अर्थिंगची वायर आणि लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), यात काटकसर करू नका, केबल कधी ना कधी तीक्ष्ण कडेवर घासते.

जमिनीत अँकर मारणार असाल तर शहाबादी फरशीवर मारू नका, ती तडकते, तेवढा चौकोन काढून खाली काँक्रीट भरा. आणि उंची फॅब्रिकेटरला विचारू नका. सरळ उभे राहा, हात कोपरात दुमडा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातनं तुमच्या व्हाईसची उंची वजा करा, टेबल तेवढं उंच.