१६ टीबीचा ड्राइव्ह, आत ६४ जीबीचं कार्ड

घरात एक विंडोज आणि एक मॅक असेल, तर दोन्हींत फिरवायच्या ड्राइव्हच्या खोट्या क्षमतेची फसवणूक फार उशिरा लक्षात येते. विंडोजवर कॉपी केलेला व्हिडिओ मॅकवर उघडला नाही की विक्रेता म्हणतो, "फॉरमॅट जुळत नाही, पुन्हा फॉरमॅट करा." पटतंही, कारण फॉरमॅटची, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडायच्या पद्धतीची, भानगड खरोखर असते. त्या नादात माल परत करायची मुदत टळते.

मोठ्या क्षमतेचा म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या अशा 'एसएसडी'च्या (चिपवर डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हच्या) डबीत पुष्कळदा ६४ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड आणि साधा कार्ड रीडर निघतो. ते चालवणाऱ्या कंट्रोलर चिपचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बदललेलं असतं, म्हणून कॉम्प्युटरला १६ टीबी दिसतात. ६४ जीबी भरेपर्यंत सगळं सुरळीत. पुढचा डेटा एकतर नाहीसा होतो, नाहीतर फिरून आधीच्याच डेटावर लिहिला जातो. नावांची आणि आकारांची यादी बहुधा खऱ्या मेमरीत राहते, त्यामुळे फोल्डर भरलेला दिसतो. शिवाय नुकतीच कॉपी केलेली फाइल पहिल्या कॉम्प्युटरच्या रॅममधून उघडू शकते. बिंग फुटतं ते ड्राइव्ह दुसऱ्याला जोडल्यावर.

फॉरमॅटचा दोष वेगळा ओळखता येतो. विंडोजचं एनटीएफएस हे फॉरमॅट मॅकवर वाचता येतं, लिहिता येत नाही. मॅकचं एपीएफएस विंडोजला कळतच नाही. जुन्या फॅट३२ फॉरमॅटवर ४ जीबीची फाइल कॉपी करतानाच अडते. दोन्हीकडे लिहायचं तर एक्सफॅट. पण नाव बरोबर, आकार बरोबर आणि आत कचरा, हे फॉरमॅट न जुळल्याने होत नाही. इजेक्ट न करता ड्राइव्ह ओढला तर फाइली बिघडतात, पण बहुधा शेवटच्या. काल उघडणारे जुने फोटो आज बिघडले असतील, तर संशय क्षमतेवर घ्या.

प्रॉपर्टीजमधला आकडा आणि क्विक फॉरमॅट पुरावा नव्हेत. दोन्ही त्या खोटं बोलणाऱ्या कंट्रोलरवरच विसंबतात. (१ टीबीला विंडोज ९३१ जीबी दाखवतं, ती मात्र फसवणूक नाही; तो १०२४ च्या हिशेबाचा फरक.) ड्राइव्ह नवा, रिकामा असतानाच विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा मॅक-लिनक्सवर एफ३ हा तपासणीचा प्रोग्राम चालवा. दोन्ही मोकळी जागा फाइलींनी भरतात आणि परत वाचून पडताळतात. एफ३ मध्ये एफ३राइट (लिहिण्याचा भाग) झाल्यावर ड्राइव्ह काढून पुन्हा जोडा, मगच एफ३रीड (पडताळणीचा भाग). सेकंदाला ३० एमबी वेगाने १ टीबी लिहायलाच ९ तासांहून जास्त लागतात, १६ टीबीला ६ दिवस. म्हणून आधी २०० जीबीच तपासा. चूक निघाली तर निकाल लागला. नाही निघाली तर पूर्ण चाचणीला पर्याय नाही.

चूक निघाल्यास अहवालाचा स्क्रीनशॉट घ्या आणि डबी उघडू नका, विक्रेत्याला तेवढंच निमित्त पुरतं. ड्राइव्हवर आधीच डेटा असेल तर चाचणी नंतर. एकही नवी फाइल न लिहिता जे उघडतंय ते आधी दुसरीकडे उतरवा. जे हरवलं ते रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत येत नाही: एकतर ते कधी लिहिलंच गेलं नव्हतं, नाहीतर त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं आहे.