इंटिग्रेटेड घ्यावं की साधं कॉलेज?

दहावीचा निकाल लागला की नाशकात घरोघरी हाच खल सुरू होतो. आमच्याकडे दोन्ही करून झालंय. मुलगी इंटिग्रेटेडला होती, म्हणजे कॉलेज आणि सीईटी-नीटसारख्या प्रवेश परीक्षांचा क्लास एकाच ठिकाणी; तीन वर्षांनी मुलगा कॉलेज रोडला साध्या कॉलेजात गेला आणि क्लास वेगळा लावला.

इंटिग्रेटेडची सोय मी नाकारत नाही. आम्ही नाशिकरोडला राहतो. मुलीला सकाळी सोडलं की थेट संध्याकाळी आणायचं. मुलाचं मात्र सिटीलिंक बसने कॉलेज, मधले तीन तास कुठेतरी काढायचे, मग क्लास, आणि रात्री घरी येईतो पोरगं पार पेंगुळलेलं. सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे 100 प्रश्न 90 मिनिटांत उडवायचा सराव मुलीचा जास्त होता, हेही खरं.

घोडं अडलं ते प्रॅक्टिकलवर. मुलीकडे वर्षभर लॅबचं दार बंद. जानेवारीत आठवडाभर जर्नल उतरवणं चाललं, रीडिंगसकट, कोणाकोणाच्या वह्यांतून. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला परमँगनेटचं टायट्रेशन आलं, म्हणजे ब्युरेटच्या नळीतून ते थेंबथेंब दुसऱ्या द्रावणात सोडून मोजायचं. ऑक्झॅलिक ॲसिड आधी गरम करायचं असतं, हे तिने जर्नलमध्ये स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. पण केलं कधीच नव्हतं. थंड द्रावणात पहिल्याच थेंबांनी गुलाबी रंग रेंगाळला, आणि आमच्या लेकीने तोच एंड पॉइंट, म्हणजे थांबायची खूण, धरला!

आता कुणी म्हणेल, प्रॅक्टिकलच्या 30 मार्कांनी काय बिघडतं? प्रवेश सीईटीवर, बोर्डाचं काम फक्त पात्रतेपुरतं, ओपनला 45 टक्के. मीही तेच म्हणत होतो. ती बी.फार्मला लागली आणि पहिल्याच सेमिस्टरला पुन्हा तेच परमँगनेट समोर उभं. ब्युरेट कशी धरायची इथपासून सुरुवात. घरी येऊन रडली ते आईजवळ. मला नंतर कळलं.

मुलाचे सीईटीचे मार्क तिच्यापेक्षा थोडे कमीच आले, लपवत नाही. दोन पोरांवरून सगळ्यांचं ठरवू नये, आणि चांगली लॅब चालवणारं इंटिग्रेटेडही असेल. नीटचंच ध्येय असेल, तर इंटिग्रेटेडच्या टेस्ट सिरीजचा फायदा होतोही. पण तिसरं मूल असतं तर मी पुन्हा तीन तासांचा तो रिकामा वेळ पत्करला असता.

प्रवेश घ्यायच्या आधी एखाद्या कामाच्या दिवशी अकराच्या सुमारास न सांगता जा आणि केमिस्ट्रीची लॅब दाखवा म्हणा. आत गेल्यावर आधी बेसिन ओलं आहे का ते बघा.