मरण कळतं, मारेकरी नाही: हार्पर कॉनेली मालिका

शार्लेन हॅरिस यांच्या या रहस्य-कादंबऱ्यांची नायिका हार्पर पंधराव्या वर्षी अंगावर वीज पडूनही वाचते आणि तेव्हापासून तिला प्रेत कुठे आहे, मरण कसं आलं हे कळू लागतं. मारेकरी मात्र दिसत नाही. ही एक मर्यादा नसती तर प्रत्येक पुस्तक दहाव्या पानावर आटोपलं असतं! दुसऱ्या भागात (२००६) अमेरिकेतल्या मेम्फिसमधल्या जुन्या थडग्यात एकाऐवजी दोन प्रेतं निघतात. त्यातलं एक, हार्परला पूर्वी शोधूनही न सापडलेल्या मुलीचं. मालिकेतला सर्वात घट्ट विणलेला प्रसंग हाच. तिसऱ्यात मुलांच्या हत्या आहेत, वाचवत नसेल तर जपून. तरी क्रम मोडू नका: बेपत्ता बहिणीचा धागा २००५च्या पहिल्या भागापासून लोंबकळतो, सुटतो थेट २००९च्या चौथ्यात. सावत्रभाऊ (रक्ताचं नातं नसलेला) टॉलिव्हरशी जुळणारं प्रेम काहींना खटकेल.