विहिरीवर मोनोब्लॉक लावावा की पाणबुडी?

आमच्या विहिरीवर अकरा वर्षं मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच सांगाड्यात, पाण्याबाहेर बसवायचा) होता, गेली पाच वर्षं ओपनवेल पाणबुडी (विहिरीच्या पाण्यातच बुडवून ठेवायचा पंप) आहे. दोन्ही पाच एचपीच्या.

दुरुस्तीत मोनोब्लॉक उजवा, हे आधीच मान्य करतो. ग्लँड (फिरत्या दांड्याभोवती पाणी अडवणारी भरणी) ठिबकली तर जागेवर पाना लावता येतो, बेअरिंग वाजायला लागलं की कानाला कळतं. पाणबुडी जळली तर कप्पी लावून चौघांनी वर काढायची. तिची प्लास्टिक वेष्टनाची तार भरणारा कारागीरही गावोगाव मिळत नाही.

पण पाणी खोल गेलं की गणित बदलतं. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो. खरं तर पंपातल्या फिरत्या पंख्याच्या मध्याशी दाब उतरतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. समुद्रसपाटीला ती जास्तीत जास्त 10.3 मीटर ढकलेल. पाईपचं घर्षण वगैरे वजा जाता हाती 6-7 मीटर उरतात, पठारावर त्याहून थोडे कमी. आमच्याकडे मार्चनंतर पंपात खडे फिरल्यासारखा आवाज यायचा. आत खडे नसतात. कमी दाबात गार पाण्याचीही वाफ होऊन बुडबुडे धरतात आणि पुढे दाब वाढला की पात्यावरच फुटतात. पंप उघडला तेव्हा बिडाचा पंखा तोंडाशी मधाच्या पोळ्यासारखा पोखरलेला निघाला.

तरी पंखा बदलून भागलं असतं. मला खरा वैताग आणला तो फूटवॉलने, म्हणजे सक्शन पाईपच्या तळाशी पाणी खाली उतरू न देणाऱ्या झडपेने. झडपेत एक काडी अडकली की सक्शन पाईप रिकामा, आणि रिकामा पंप पाणी उचलत नाही. गव्हाला पाणी द्यायचं, लाईट रात्री बाराला येणार, आणि आपण बॅटरी तोंडात धरून विहिरीतल्या कट्ट्यावर बादलीने पंप भरतोय. हवा धरली की पुन्हा पहिल्यापासून. एका रात्री असे दोन तास गेले. लाईट आली की पंप आपोआप सुरू करणारा ऑटो स्टार्टर लावायचीही सोय नाही, कारण पंप कोरडा फिरण्याची भीती.

पाणबुडीचा पंखा पाण्यातच, त्यामुळे भरणं नाही, फूटवॉल नाही. मात्र ती पाण्याबाहेर उघडी पडू देऊ नका, आणि गाळापासून फूटभर उंच स्टँडवर ठेवा. कोरडी चालली तर बंद करणारं पॅनल मी सुरुवातीलाच बसवलं.

पाणी बारमाही चार-पाच मीटरवर असेल तर मोनोब्लॉक अजूनही घ्यावा, असं मला वाटतं. उन्हाळ्यात तळ गाठणाऱ्या विहिरीला मी तरी पाणबुडीच सुचवेन. जुना मोनोब्लॉक विकला नाही, शेततळ्यावर लावला. तिथे पाणी हाताशी आहे, फूटवॉल उभ्या उभ्या साफ करता येतो, आणि गेली दोन वर्षं तो कुरकुर न करता चालतोय.